घरचे आरोग्य : देऊळ दिसते, सुई दिसत नाही



सुगी आटोपली, माल घरात आला, की घरोघर एक विषय निघतो. "आता म्हातारीचा डोळा करून आणू." मोतीबिंदूचे ऑपरेशन थंडीतच करावे अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. आता ऋतूची अट राहिलेली नाही. उन्हाळ्यात केले काय नि पावसाळ्यात केले काय, ऑपरेशन सारखेच होते. शेतीच्या कामातून सवड मिळते म्हणून थंडीचे दिवस सोयीचे, एवढेच.

याच सुमारास आमच्याकडे पत्रेही येऊ लागतात, आणि त्यांतला प्रश्न बहुधा एकच असतो. ऑपरेशन झाले, लांबचे झकास दिसते, पण जवळचे अक्षर दिसत नाही, तांदळातला खडा दिसत नाही. लेन्स चुकीची बसली का? पैसे वाचवायला साधी टाकली, ते चुकले का? एका भगिनीने तर लिहिले आहे की, सासूबाई आम्हालाच दोष देतात, म्हणतात की तुम्ही माझ्या डोळ्याला कमी दराची काच बसवलीत.

या सर्वांना एकत्रच उत्तर देतो. त्याआधी आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण ही चूक आम्हीही करून बसलो होतो.

आमच्या आत्याबाई वाकळा शिवण्यात पटाईत. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून अशी वाकळ शिवायच्या की टाका मोजायला माणसे थांबत. त्यांना लांबचे लहानपणापासून कमी दिसे. रस्त्याने कोण चालले आहे हे त्यांना आवाजावरून कळे. परंतु सुई एक वीत अंतरावर धरली की कंदिलाच्या उजेडातसुद्धा नेढ्यात दोरा ओवत. चष्मा म्हणून कधी लावला नाही. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आम्ही तालुक्याला नेले, उजवा डोळा केला. पट्टी सोडली त्या दिवशी आत्याबाई ओसरीवर आल्या आणि देवळाचा कळस पाहून हात जोडले. आयुष्यात प्रथमच त्यांना तो इथून दिसला होता. घरात आनंदीआनंद झाला.

चार दिवसांनी त्यांनी सुई हातात घेतली. जवळ धरली, लांब धरली, डोळा बारीक केला. मग म्हणाल्या, "आरं, देऊळ दिसतंया, पर सुईचं नेढं कुठं गेलं?" त्यानंतर त्यांनी अर्धी झालेली वाकळ गुंडाळून कोनाड्यात ठेवली आणि बरेच दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी काम चोख केले होते. लेन्सही चांगली होती. पण ती लांबच्या नजरेसाठी बेतलेली होती आणि आत्याबाईंचे सारे आयुष्य एक वीतभर अंतरात गेलेले होते. हे डॉक्टरांना कोणी सांगितले? आम्ही तर फक्त एवढेच म्हणालो होतो की, "नजर स्वच्छ करून द्या."

आता हे असे का होते ते पाहू.

डोळ्याच्या बाहुलीमागे मसुराच्या आकाराचे, पण त्याहून थोडे मोठे असे एक नैसर्गिक भिंग असते. तरुणपणी ते लवचिक असते. लांब पाहताना चपटे होते, जवळ पाहताना फुगते. हे काम आपोआप होत असल्यामुळे आपल्याला त्याची जाणीवही नसते. वय वाढते तसे हे भिंग ताठर होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळच्या कामाला फुगेनासे होते. मग पोथी लांब धरावी लागते, आणि जवळचा चष्मा येतो. आपल्या भाषेने त्या चष्म्याचे नावच 'चाळिशी' ठेवले, यापेक्षा नेमके नाव कोणत्याही डॉक्टरला सुचले नसते.

पुढे हेच भिंग गढूळ होते, त्याला मोतीबिंदू म्हणायचे. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढून त्या जागी हरभऱ्याच्या डाळीएवढी, सुमारे ६ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक लेन्स बसवतात. ती स्वच्छ असते, टिकाऊ असते, जन्मभर बदलावी लागत नाही. फक्त ती फुगत नाही. साधी लेन्स एकाच अंतरावर नजर बांधते, आणि ते अंतर बहुतेक वेळा लांबचे निवडलेले असते. म्हणून जवळच्या कामाला चाळिशी लागते. हा लेन्सचा दोष नव्हे आणि डॉक्टरचाही नव्हे.

इथे आणखी एक गंमत होते, तीही सांगून ठेवतो. काही जणांच्या मोतीबिंदूत भिंगाचा गाभा घट्ट होत जातो आणि त्यामुळे डोळ्याला मायनसचा नंबर येतो. लांबचे धूसर होते, पण जवळचे मात्र चाळिशीवाचून दिसू लागते. सत्तरीचे आजोबा एकाएकी चष्म्याविना पंचांग वाचू लागतात. घरचे म्हणतात, आजोबांची नजर पालटली, देवाची कृपा. वास्तविक तो मोतीबिंदूच असतो. ऑपरेशन झाल्यावर ही उसनी मिळालेली जवळची नजर जाते, आणि आजोबा म्हणतात, "होतं ते पण घालवलंत." आधी सांगितलेले असेल तर एवढे वाईट वाटत नाही.

ही लेन्स आली कुठून, तेही थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे घुसले. हेरॉल्ड रिडले या लंडनच्या नेत्रवैद्याच्या लक्षात आले की, हे तुकडे डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा चिडत नाही. त्याच जातीच्या पदार्थाची लेन्स करवून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली. ऑपरेशन साधले, परंतु लेन्सची ताकद बेतण्यात मोठी चूक झाली आणि त्या बाईंना मायनसचा भला मोठा नंबर आला. म्हणजे लेन्स बसवणे वेगळे आणि ती कोणत्या अंतराला बेतायची हे ठरवणे वेगळे, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला.

आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे लेन्सविनाच ऑपरेशने होत. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा घातलेले आजी-आजोबा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्या चष्म्यातून सारे पाव हिश्शाने मोठे दिसे, दाराची चौकट वाकडी दिसे, आणि तांब्या धरायला जावे तर हात भलतीकडेच पडे. परदेशी लेन्स गरिबाच्या आवाक्यात नव्हती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब हा कारखाना काढून स्वस्त लेन्स बनवायला सुरुवात केली आणि चित्र बदलले. तेव्हा ज्यांना 'साधी लेन्स' म्हणून कमीपणा वाटतो, त्यांनी तो जाड चष्मा आठवावा.

आता दवाखान्यात तुमच्यापुढे लेन्सचा दरफलक येतो तेव्हा काय समजायचे?

पहिला घोटाळा 'फोल्डेबल' या शब्दाचा. पुष्कळांना वाटते की फोल्डेबल लेन्स टाकली म्हणजे लांब-जवळ दोन्ही दिसणार. तसे नाही. फोल्डेबल म्हणजे घडी होणारी. घडी केल्यामुळे ती अडीच-तीन मिलिमीटरच्या चिरेतून आत जाते. घडी न होणारी कडक लेन्स असेल तर चीर मोठी लागते. मशीनच्या ऑपरेशनात घडीची लेन्स वापरतात, जखम लवकर भरते, तिरपा नंबर कमी राहतो. हे फायदे खरेच. पण घडीची असली तरी ती एकाच अंतराची असू शकते, बहुधा असतेच. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या, "ही एका अंतराची की अनेक अंतरांची?"

एका अंतराच्या लेन्सला मोनोफोकल म्हणतात. सरकारी दवाखान्यात आणि धर्मादाय शिबिरांतून हीच बसवतात. लांबचे चित्र सर्वांत स्वच्छ व ठळक हिच्यातूनच दिसते, रात्री त्रास कमी होतो, आणि जवळच्या कामाला चष्मा लागतो.

अनेक अंतरांच्या लेन्सला मल्टिफोकल म्हणतात. हिच्यावर बारीक वर्तुळाकार कड्या असतात. डोळ्यात येणाऱ्या उजेडाची त्या वाटणी करतात. काही उजेड लांबच्या चित्राला, काही जवळच्या. तीन अंतरांची असेल तर मधल्या अंतरालाही वाटा मिळतो. चष्म्याविना वर्तमानपत्र वाचता येते, मोबाइल दिसतो, खडे निवडता येतात. हे खोटे नाही. ज्याला चष्म्याचा कंटाळा आहे, ज्याचे काम घरात, दुकानात, चांगल्या उजेडात आहे, त्याला ही लेन्स सुख देते.

परंतु पाण्याचा एक पाट दोन वाफ्यांत सोडला तर दोन्हीकडे धार बारीक होणारच. या लेन्समधून चित्राचा ठळकपणा थोडा उणावतो. फिकट रंगावरची फिकट वस्तू वेगळी ओळखणे जड जाते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसते, उजेड फाकतो. पुष्कळांना काही महिन्यांत याची सवय होते, कारण मेंदू शिकतो. काहींना होत नाही.

शेतकऱ्याने इथे थांबून विचार करावा. तुमच्याकडे वीज रात्रपाळीची असेल, मोटार चालू करायला बॅटरी घेऊन बांधाने जावे लागत असेल, तर वाळक्या गवतात पडलेले जनावर ओळखणे हे ठळकपणाचेच काम आहे. ज्याला रात्री ऊस भरून ट्रॅक्टर कारखान्याला न्यायचा आहे, त्यानेही समोरच्या दिव्यांचा विचार करावा. चष्म्याविना पेपर वाचता येतो म्हणून ही जोखीम घ्यावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आम्हाला विचाराल तर रात्रीचे शेत आणि रात्रीचा रस्ता ज्याच्या नशिबी आहे, त्याने साधी लेन्स आणि खिशात चाळिशी हाच मार्ग धरावा.

मधुमेहाने ज्यांच्या डोळ्याचा पडदा बिघडलेला आहे, काचबिंदूने नजर खाल्ली आहे, किंवा बुबुळावर फूल पडलेले आहे, त्यांना तर डॉक्टर मल्टिफोकल सहसा देतच नाहीत. आधीच उजेडाचे चित्र नीट उमटत नाही, त्यात वाटणी कशाला? अशा वेळी "आमची पैशाची तयारी आहे" म्हणून हट्ट धरू नये.

मधली एक जात आहे, तिला ईडॉफ म्हणतात. लांबपासून हातभर अंतरापर्यंतचे काम ती बरे भागवते, रात्रीच्या कड्या मल्टिफोकलपेक्षा कमी दिसतात. अगदी बारीक अक्षराला मात्र चष्मा लागतो. टोरिक म्हणून आणखी एक नाव ऐकाल. ती तिरपा नंबर घालवण्यासाठी असते, जवळच्या नजरेशी तिचा थेट संबंध नाही.

आणि एक युक्ती अशी आहे की जिला दरफलकात जागा नाही. दोन्ही डोळ्यांत साध्याच लेन्स, पण एक लांबच्या अंतराला बेतायची आणि दुसरी जवळच्या. मेंदू हवे ते चित्र उचलतो. दोन डोळ्यांत फरक फार ठेवला तर खोलीचा अंदाज चुकतो, पायरी, विहिरीचा काठ, शिडी यांवर त्रास होतो. फरक बेताचा ठेवला तर बहुतेकांना मानवतो. ऑपरेशनपूर्वी चाचणीच्या चष्म्यात काचा घालून याची चव घेता येते, ती जरूर घ्यावी.

आता मुख्य काम तुमचे. दवाखान्यात जाण्यापूर्वी घरच्या माणसाचे रोजचे काम किती अंतरावर चालते ते मोजा. टेप नसला तर हात आहेच. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. पोथी, औषधाच्या बाटलीवरचे अक्षर, सुई हे सारे हाताच्या आत येते. मांडीवर सूप घेऊन धान्य निवडणे हातभर किंवा थोडे अधिक. भाकरी थापणे, उकिडवे बसून खुरपणे हे दीड हाताच्या आसपास.

नंबराचे गणितही सोपे आहे. लांबचे चष्म्याविना स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्याला जवळचा चष्मा लावला, तर शंभराला त्या नंबराने भागा. जे येईल तितक्या सेंटिमीटरवर नजर बसते. अडीच नंबराची चाळिशी म्हणजे ४० सेंटिमीटर, ती वाचायला. दीड नंबराची म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर, ती खुरपायला आणि चुलीपुढे. अडीच नंबर लावून खुरपायला बसलेली बाई म्हणते, "चष्मा बिघडला, जमीन पुसट दिसते." चष्मा बिघडलेला नसतो, अंतर बदललेले असते. वाचायचा एक आणि कामाचा एक असे दोन चष्मे केले तर कुठे बिघडले?

डोळ्यातली लेन्स बेतताना मायनसचा नंबर मुद्दाम ठेवला तरी हिशेब हाच. उणे दोन ठेवला तर ५० सेंटिमीटरवर चष्म्याविना स्वच्छ, आणि लांबच्यासाठी चष्मा. जो जन्मभर जवळचे बिनचष्म्याने पाहत आला, त्याच्या बाबतीत हा पर्याय डॉक्टरांपुढे अवश्य काढावा.

चष्म्याचा नंबर ऑपरेशननंतर लगेच काढून उपयोग नाही. जखम स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर आजी-आजोबांना "आता दिसायलाच हवे" म्हणून भंडावू नये. बाजारात मिळणारी तयार चाळिशी दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरपा नंबर नसेल तरच चालते. नाहीतर डोके दुखते.

डोळ्याच्या सुखाबद्दलही लोक विचारतात. पहिले काही आठवडे डोळ्यात कचकच, कोरडेपणा, पाणी येणे हे चालते, थेंब सांगितल्याप्रमाणे घालावेत. सारे निळसर व फार उजळ दिसते, कारण पिवळट झालेले जुने भिंग गेले. ते आपोआप सवयीचे होते. काहींना बाजूला चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसते, बहुतेकांची ती हळूहळू विरते. उन्हात काळा चष्मा लावावा. चुलीचा धूर, मळणीचा भुसा, फवारणी यांपासून डॉक्टर सांगतील तितके दिवस दूर राहावे. यात भीड धरू नये, मजूर मिळत नाही म्हणून आठव्या दिवशी मळणीवर उभे राहिलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

मात्र ऑपरेशननंतर डोळा लाल होऊन ठणकू लागला आणि नजर कमी झाली, तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके एकदम वाढले, पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तरीही तसेच. याउलट, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सारे हळूहळू धुरकट होऊ लागले तर बहुधा लेन्समागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते. लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. लेसरने काही मिनिटांत ती साफ करता येते, पुन्हा चीर द्यावी लागत नाही.

आत्याबाईंचे काय झाले ते राहिलेच. एक डोळा लांबचा आणि दुसरा जुना, गढूळ आणि उणे चार नंबराचा, असे त्यांचे काही दिवस फार गैरसोयीचे गेले. उंबऱ्याला ठेच लागायची. दुसरा डोळा करायला त्या तयारच नव्हत्या. शेवटी त्यांना घेऊन गेलो, ते अर्धी वाकळ बरोबर घेऊनच. डॉक्टरांनी वाकळ हातात घेऊन पाहिली आणि विचारले, "आजी, हे कुठं धरून शिवता?" आत्याबाईंनी दाखवले. डॉक्टरांनी पट्टीने मोजले. म्हणाले, "इतकं जवळचं ठेवलं तर दोन डोळ्यांचं भांडण होईल. हातभरावर ठेवतो. चालंल का?" चाचणीचा चष्मा घालून त्यांना दवाखान्याच्या ओट्यावर अर्धा तास फिरवले, पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या. मग डावा डोळा उणे दोनच्या बेताने केला.

वीतभराची नजर परत आली नाही. दोरा आता नात ओवून देते, किंवा आत्याबाई स्वतः ओवतात तेव्हा चष्मा लावतात. टाका मात्र त्या चष्म्याविना घालतात, वाकळ जरा लांब धरून. पूर्वीपेक्षा टाका थोडा मोठा पडतो, असे त्याच सांगतात.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या लेन्सची चिकटचिठ्ठी दवाखान्याच्या कार्डावर लावलेली आहे. तिच्यावर लेन्सची जात आणि ताकद लिहिलेली असते. हे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. दुसरा डोळा करताना, किंवा नंतर काही त्रास झाला, तर नवे डॉक्टर प्रथम तेच मागतील.